पहिली आवृत्ती, चुकीसकट

१४ नोव्हेंबर, सकाळ

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे अनुमती देतील तेवढा साष्टांग नमस्कार. माझी प्रकृती स्थूल, बुद्धी यथापूर्व, केस अल्पसंख्य.

चालल्या गं! तुझ्या शालींच्या चारशे बारा नक्ष्या, एकाही अक्षराचा बदल न करता, चालल्या! मागाला नक्षी समजावणाऱ्या माझ्या संगणकभाषेच्या नव्या, चौथ्या आवृत्तीवर चालल्या. हर्षातिरेकाने मी कार्यालयात खुर्चीवर आरूढ झालो. सहकारी ओरडला, "साहेब, उतरा, तिला चाकं आहेत!"

नक्ष्यांच्या प्रती भाऊजींनी तुझ्या नकळत पाठवल्या. अजून पहिलीच आवृत्ती चालवणारा तुझा जुना संगणक दहादा विनवल्याशिवाय सुरू होत नाही आणि तो गेला की मागही थांबेल, असे ते म्हणाले. त्यांच्यावर रागावू नकोस; माझ्यावर रागावण्याचा तुला सराव आहेच.

पहिली आवृत्ती प्रत्येक नक्षीची शेवटची ओळ गिळत असे, म्हणून तू खाली एक खोटी काळी ओळ जोडायचीस. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या आवृत्तीत मी तो दोष महासमारंभाने निवारला. परिणामी दोनशे शालींच्या काठावर ती अनाहूत रेघ विणली गेली. मी म्हणालो, "शास्त्रतः आता बरोबर आहे."

"असेल रे बाबा! पण माझं चाललेलं मोडलं, त्याचं काय?" एवढे बोलून तू फोन ठेवलास. तो अद्याप ठेवलेलाच आहे.

आता व्यवस्था अशी: ज्या नक्षीच्या माथ्यावर आवृत्तीचा अंक नाही, ती पहिल्या आवृत्तीची मानायची आणि तिची शेवटची ओळ सादर गिळायची. अंक नव्यांनी लिहावा. जुन्यांना तसदी नको. सहकाऱ्याने विचारले, "म्हणजे चूक मुद्दाम ठेवायची?" म्हटले, "तिच्या भरवशावर जोवर कुणाचं तरी काम चाललंय, तोवर ठेवायची."

आणखी एक किरकोळ बाब.

किरकोळ नाही. "शेवटच्या ओळीला हात लावू नकोस, मी जुळवून घेतलंय," ही दुसऱ्या आवृत्तीआधीची तुझी चिठ्ठी मला मिळालीच नाही, असे मी सर्वांना सांगितले. मिळाली होती. वाचली होती. बहिणीच्या एका मागासाठी शास्त्र कशाला वाकवायचे, असे वाटले. ताई, चुकलो.

शनिवारी नवा संगणक घेऊन येतो आहे. दार उघडलेस तर जोडून देईन. नाही उघडलेस तर भाऊजींच्या हाती सोपवून परत फिरेन. मी नसलो तरी तुझे काही अडणार नाही, असाच तो बनवला आहे.

भाऊ म्हणवून घेण्याच्या प्रतीक्षेत,
धाकटा