‘रुग्णाने नाव चुकीचे सांगितले’ हे वाक्य वगळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
माता मृत्यू चौकशी समिती
(खैरधाबा ग्रामीण रुग्णालय प्रकरण),
जि. बुलढाणा.

अर्जदार : श्रीमती समता दयाराम हिवराळे, वय ३६, रक्त नमुने घेणारी कंत्राटी तंत्रज्ञ (सध्या कामावरून कमी), मु. पो. खैरधाबा.

विषय : कै. अश्विनी ज्ञानेश्वर बनकर, रा. बीबी, यांच्या मृत्यूच्या अहवालातील परिच्छेद ७ मधून एक वाक्य वगळून खरी हकिकत नमूद करणेबाबत.

संदर्भ : १) समितीचा अहवाल, दि. २८ एप्रिल २०२५.
२) माझे पत्र, दि. १७ फेब्रुवारी २०२५, आवक क्र. ११३.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, मी खैरधाबा ग्रामीण रुग्णालयात नऊ वर्षे रुग्णांचे रक्त काढत होते. आपल्या अहवालात असे वाक्य आहे की, “शिबिराच्या दिवशी रुग्णाने आपले नाव चुकीचे सांगितल्यामुळे नमुन्यांची अदलाबदल झाली.” त्याखाली माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. सही केल्यास माझ्या कंत्राटाचा सहानुभूतीने विचार होईल, असे मला तोंडी कळविण्यात आले. मी सही केलेली नाही.

२. दि. २० जानेवारी रोजी मा. वैद्यकीय अधीक्षकांनी मला नोटीस दिली होती. मला एका रुग्णामागे चार मिनिटे लागतात, हा आरोप. सोबत माझ्या वेळेचा तक्ता जोडलेला होता. रुग्णाला स्वतःचे नाव व गाव सांगायला लावणे, चाळीस सेकंद. स्पिरिट लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबणे, तीस सेकंद. यास ‘निष्क्रिय वेळ’ म्हटले होते. रक्त घेतल्यावर रुग्णासमोरच नळीवर नाव लिहिणे, यास ‘टाळता येण्याजोगे लेखनकाम’ म्हटले होते.

मी खुलासा दिला. ओल्या स्पिरिटवरून सुई घातली तर माणसाला आग होते आणि नमुनाही बिघडू शकतो. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या वर ठेवता येत नाही. आणि ‘तुम्ही अमुक का?’ असे विचारले तर सुईकडे पाहत बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून नाव त्याच्याच तोंडून घ्यावे लागते. खुलासा असमाधानकारक ठरला. मला केसपेपरच्या खिडकीवर बसविण्यात आले व रक्त काढण्याचे काम कक्षसेवक दीपक यांना देण्यात आले. दीपक यांनी तोवर सलाईन लावताना रुग्णाचा हात धरलेला होता, सुई धरलेली नव्हती. त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले, “म्याडम, मले जमत नाही म्हनलो मी. सायेब म्हनले, जमून जाते.”

३. दि. ११ फेब्रुवारी रोजी गरोदर मातांचे तपासणी शिबिर झाले. एकशे चाळीस बायका आल्या. वेळ वाचावा म्हणून सगळ्या नळ्यांवर आदल्या दिवशीच नावांची लेबले चिकटवून त्या रांगेच्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या. रक्त घेणाऱ्याची आद्याक्षरे म्हणून प्रत्येक लेबलावर माझी आद्याक्षरे छापली गेली, कारण लेबले छापणाऱ्या यंत्रातील नाव बदलण्यास कोणास सवड झाली नाही. मी त्या दिवशी एकाही दंडाला हात लावलेला नाही. मी भिंतीपलीकडे केसपेपर देत होते आणि दीपक यांनी पुकारलेली नावे मला ऐकू येत होती.

अश्विनी माझ्याच खिडकीवर आली होती. आठवा महिना संपत आला होता. कठड्याला धरून तिने दम घेतला. ओठ पांढरे पडलेले होते. तिला मी म्हटले की आत डॉक्टरांना हे नक्की सांग. ती म्हणाली, “सांगतो ताई, पन ते म्हनतीन रिपोर्ट येऊ दे.”

४. अहवाल दि. १३ रोजी आले. अश्विनीचे हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे उत्तम. तिला गोळ्या देऊन घरी पाठविले. तिच्यामागे रांगेत असलेल्या दुसरबीडच्या पुष्पांजली राजकुमार खंदारे यांचे ५.६, म्हणजे जिवाला धोका. पुष्पांजली यांना दि. १४ रोजी रुग्णवाहिकेतून बुलढाण्यास नेले. तेथे रक्ताची बाटली लावण्याआधी पुन्हा तपासणी झाली व त्यांचे हिमोग्लोबिन ११.४ निघाले. त्यांना परत पाठविण्यात आले. आमच्या रुग्णालयात यावर दोन दिवस हसणे चालले.

महोदय, ५.६ हा आकडा यंत्राने मनाने काढला नव्हता. ते कोणाचे तरी रक्त होते. ते कोणाचे, हा प्रश्न एवढ्या मोठ्या इमारतीत कोणासही पडला नाही.

५. दि. १७ रोजी, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास पुष्पांजली कागद घेऊन माझ्या खिडकीवर आल्या. शिबिरात काय झाले ते मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “माह्यापुढची बाई घेरी आली म्हनून पानी प्याले गेली. मी पुढं सरकले. त्या भाऊनं ‘अश्विनी का?’ म्हनलं, मले नीट ऐकू आलं नाही, मी हाव म्हनले.” म्हणजे अश्विनीच्या नावाच्या नळीत पुष्पांजलीचे रक्त गेले. अश्विनी पाणी पिऊन परत आली तेव्हा पुष्पांजलीच्या नावाची नळी शिल्लक होती. तिचे रक्त त्या नळीत भरले. तिला कोणी काही विचारले नाही.

मी तासाभरात संदर्भ क्र. २ चे पत्र लिहून अधीक्षकांपुढे ठेवले. अश्विनीला आजच बोलावून पुन्हा तपासावे, एवढीच विनंती होती. रक्त काढण्याचे काम माझ्याकडे नसताना मी त्यात का पडते, असे त्यांनी विचारले. शिबिराची माहिती वर गेली आहे, आता बायका परत बोलावल्या तर लोक काय म्हणतील, असेही म्हणाले. परस्पर रुग्णाशी संपर्क करू नये, अशी ताकीद दिली. मी आवक क्रमांक घेतला आणि जागेवर येऊन बसले.

मंगळवारी उत्तर नव्हते. बुधवारी शिवजयंतीची सुटी होती. गुरुवारी लिपिकाला विचारले तेव्हा पत्रावर ‘विषयाशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्याचे पत्र, दप्तरी दाखल’ असा शेरा पडलेला होता. शुक्रवारी, दि. २१ रोजी, मी रजेचा अर्ज टाकून बीबीची एस.टी. धरली.

६. घरासमोर माणसे बसलेली पाहून मला कळले. अश्विनी आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी, तारखेच्या तीन आठवडे आधी बाळंत झाली होती. कागदावर रक्त चांगले असल्यामुळे कोणी बाटलीची तजवीज ठेवली नव्हती. रक्तस्राव झाला. ज्या बाईच्या अंगात रक्त आहे ती तेवढ्याने जात नाही. अश्विनी जालन्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. मुलगी जगली आहे.

तिच्या सासूबाई अन्नपूर्णाबाई यांनी ११.२ चा तो कागद घडी उलगडून मला दाखविला. म्हणाल्या, “याच्यावर तं रगत चांगलं हाय म्हनून लिवलंय. मंग ते गेली काऊन?”

मी ओसरीवर बसून त्यांना सगळे सांगितले. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “तुले कवा समजलं?”

मी म्हटले, सोमवारी.

“आन् आज शुक्रवार हाय,” त्या म्हणाल्या आणि बाळ रडत होते म्हणून आत गेल्या.

७. यानंतर रुग्णाशी परस्पर संपर्क केला या कारणावरून माझे कंत्राट संपविण्यात आले. मार्चमध्ये रुग्णालयात ‘सुरक्षित व अचूक रक्त नमुना संकलन’ या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. त्यात वाचून दाखविलेली टिपणे माझ्या खुलाशातील होती, असे दीपक यांनी मला सांगितले. स्पिरिट वाळू द्यावे, नाव रुग्णाकडूनच वदवून घ्यावे, नळीवर नाव त्याच्यासमोर लिहावे. टाळ्याही वाजल्या म्हणे. याबाबत माझी तक्रार नाही. पुढच्या बाईचे तरी नाव विचारतील.

परंतु आपल्या अहवालाने दोष मेलेल्या बाईवर टाकला आहे. तिला नाव विचारलेच नाही, तर तिने ते चुकीचे सांगितले कसे? हे वाक्य कोणीतरी बीबीत वाचून दाखविले. अन्नपूर्णाबाईंच्या घरी आता शेजारणी सांगतात की सून अडाणीपणाने गेली. अश्विनी बारावी शिकलेली होती. तिकडे पुष्पांजली यांनी अंथरूण धरले आहे. एका ‘हाव’ने आपण बाई मारली, असे त्या म्हणतात. मी दोनदा जाऊन समजूत घातली, पण कामावरून काढलेल्या बाईच्या शब्दाला किती वजन असणार. समितीने लिहून दिले तर कदाचित त्यांना पटेल.

८. सबब विनंती की, परिच्छेद ७ मधील ते वाक्य काढून त्या जागी ‘कोणत्याही रुग्णास स्वतःचे नाव सांगण्यास सांगितले गेले नाही’ असे नमूद करावे. पुष्पांजली खंदारे यांचा दोष नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. दीपक यांनी नकार दिला होता, हेही लिहावे. दुरुस्त केलेली प्रत मराठीत बनकर कुटुंबास द्यावी.

मला कामावर परत घ्यावे अशी मागणी या अर्जात नाही.

माझ्यावर ठपका ठेवायचा असल्यास तो लेबलावरच्या आद्याक्षरांसाठी ठेवू नये. मला सोमवारी अकरा वाजता समजले होते. खैरधाब्याहून बीबीला एस.टी.ने सव्वा तास लागतो. नऊ वर्षे मी कागदावर भरवसा ठेवून काम केले, आणि त्या आठवड्यातही कागदाचीच वाट पाहत बसले. मला पोहोचायला चार दिवस लागले. तो ठपका मला मान्य आहे. तो माझ्या नावासह, याच शब्दांत, अहवालात घ्यावा.

निर्णय कळविण्याची कृपा व्हावी.

आपली विनम्र अर्जदार,
(सही)
समता दयाराम हिवराळे
खैरधाबा, दि. १४ मे २०२५

सोबत जोडले आहे :
१) दि. २० जानेवारीची नोटीस, वेळेचा तक्ता व माझा खुलासा.
२) माझ्या पत्राची पोच, त्यावरील शेऱ्यासह.
३) पुष्पांजली खंदारे यांचे दोन्ही तपासणी अहवाल, त्यांच्या संमतीने.
४) अश्विनी बनकर यांच्या अहवालाची छायांकित प्रत. मूळ कागद अन्नपूर्णाबाईंनी दिला नाही.