माहीनबाईंच्या गालिच्यावरचं डोहाळजेवण

बॉन, १२ फेब्रुवारी २००६

ती. आईला शमिकाचा वाकून नमस्कार.

तुझा व्हिसा नाकारला म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मी ठीक आहे. डॉक्टरांनी जिने उतरायला मनाई केली आहे, म्हणून बहुतेक पडून असते. कपिलचा वरणभात आता बरा होतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझं डोहाळजेवण बागेत करायची तुझी इच्छा होती ना? ते काल झालं. बाहेर बर्फ होता, म्हणून शेजारच्या इराणी माहीनबाईंनी त्यांच्या माहेरचा गालिचा आमच्या खोलीत आणून अंथरला. त्यात अख्खी बाग विणलेली आहे. मधून पाण्याचे पाट जातात, त्यांत मासे आहेत, आणि काठाने झाडं.

प्रत्येक उंच सरूच्या झाडाला बहरलेलं बदामाचं झाड बिलगलेलं होतं. मी कारण विचारलं.

"सरूची पानं कधीच गळत नाहीत, म्हणून तो अमरत्वाचा," त्या म्हणाल्या. "बदाम दर हिवाळ्यात उघडा पडतो आणि पुन्हा फुलतो. आमच्याकडे एकाला सोडून दुसरा विणत नाहीत."

मागच्या वर्षी आमचं बाळ गेलं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मग त्यांनी नारळाऐवजी डाळिंबाने माझी ओटी भरली आणि म्हणाल्या, "पोरी, कुठे बसतेस?"

"सरूपाशी बस, तेच बरं," कपिल घाईने म्हणाला.

मी बदामापाशी बसले, आणि पहिला घास तुझ्या नावाने घेतला.

तुझीच,
शमिका