स्लॅबचं पाणी

नाना, आज सकाळी शाळेच्या नव्या खोलीतले बाक मी पुन्हा पुसले. कालच पुसले होते. तरी त्यांच्यावर बारीक वाळू पडलेली होती. वर पाहिलं. स्लॅब जागच्या जागी होता. फडकं तिथंच टाकून मी बाहेर आले. रविवार, त्यात उन्हाळ्याची सुट्टी, आवारात कोणी नव्हतं. तरी मी आधी फाटकाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. आता अंबड तालुक्यातल्या एका गावात मुख्याध्यापिका आहे. राहते जालन्यात, स्टेशनच्या बाजूला. तुमच्या काळी शाळेची खोली सरकार बांधायचं. आता पैसा शाळेच्या खात्यावर येतो आणि खोली मुख्याध्यापकानं आणि गावच्या शिक्षण समितीनं मिळून बांधायची असते. म्हणजे समितीचा अध्यक्ष बांधतो आणि मी सही करते. अध्यक्ष सरपंचाचा मेहुणा आहे.

भर मे महिन्यात स्लॅब टाकला. मिस्त्रीनं त्याच्यावर सिमेंटचे बुटके बांध घालून कांद्याला करतात तसे वाफे केले. त्यांत पाणी भरून ठेवायचं, आटू द्यायचं नाही, तरच सिमेंट पक्कं होतं. त्या पाण्यासाठी वेगळा पैसा मंजूर होता. टँकर आला, पण तो गावाच्या पिण्याच्या पाण्याचा. अध्यक्षानं पाइप वर नेला आणि अख्खा टँकर स्लॅबवर रिकामा केला. विहिरीपाशी हंडे लावून बसलेल्या बायांनी ते पाहिलं. त्या उठल्या, हंडे घेतले आणि एकामागून एक शिडीनं वर चढल्या. वाफ्यांतलं पाणी तांब्यानं हंड्यात भरू लागल्या. मी खाली उभी आहे. एक म्हातारी शिडीच्या मध्यावर थांबते आणि म्हणते, "बाई, शिडी धरा की जरा. पडंन ना मी." मी शिडी धरते. दुपारपर्यंत स्लॅब कोरडा पडला. त्यानंतर त्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही.

ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हणाले, स्लॅबच्या पाण्याचा पैसा आला होता, तो कुठं गेला?

अध्यक्ष हसला. "बाई, हितं माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन तुम्ही स्लॅबला पाजून राह्यल्या का?"

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "त्यायच्या घरी नळ हाये ना जालन्यात. मंग सुचतं असं." जालन्यात आमच्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं, ते मी सांगितलं नाही. मी पैशाबद्दल विचारलं होतं. त्यानं एका वाक्यात मला तहानलेल्या गावासमोर उभं केलं. शिडीवरची म्हातारी पुढंच बसली होती. तीही तोंडाला पदर लावून हसत होती. मी खाली बसले आणि पर्स मांडीवर ओढून घेतली.

मला तुमची सभा आठवते. मी चौथीत असेन. वस्तीसाठी मंजूर झालेला हातपंप सरपंचाच्या गोठ्यासमोर बसवला होता. तालुक्याहून साहेब आले होते, पारावर चहा चालला होता. तुम्ही उठलात. "साहेब, पंप वस्तीचा. मंग गोठ्याम्होरं कसा आला?" साहेबानं विचारलं, तुमचं वस्तीत घर आहे का? तुम्ही म्हणालात, "न्हाई. पण काडीपेटी मी बी इकत घेतो साहेब. तिच्यावर सरकार कर घेतं. म्हणून इचारतो." तेव्हाही लोक हसले होते. कोणी तरी म्हणालं होतं, "घ्या, काडीपेटीचा मालक बोलायला लागला!"

चार-सहा दिवसांनी आपली कडब्याची गंजी जळाली. आई चुलीपुढं बसून होती, चूल न पेटवता. तिनं तुमच्याकडं न पाहता विचारलं, "आलं का बरं उत्तर सायबाचं?" शाळेत गुरुजींनी मला काय झालं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, वाऱ्यानं पेटली. ते तुमच्या कानावर आलं. तुम्ही मला बांधावर उभं केलंत. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. "कोणी पेटवली माहीत न्हाई, असं म्हण. आपोआप पेटली म्हणू नको." तुमचा आवाज चढला होता, पण डोळे माझ्या मागच्या रस्त्यावर होते. त्यानंतर तुम्ही जेवायला बसताना जागा बदललीत. पाठ भिंतीला, तोंड दाराकडं. मला वाटायचं, वारं यावं म्हणून.

परवा अध्यक्ष शाळेत आला. बरोबर काम तपासायला आलेला सरकारी इंजिनिअर होता, कोवळा मुलगा. तो खोलीत गेलाच नाही, त्यानं दारातूनच वर पाहिलं.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. सगळीकडं असेच स्लॅब हायेत. एक बी पडला न्हाई."

"तुमच्या पोराला बसवाल का ह्याच्याखाली?"

"माझं लग्न व्हायचंय मॅडम," तो म्हणाला, आणि दोघं हसले.

अध्यक्षानं खुर्ची ओढली. शेवटच्या हप्त्याच्या चेकवर माझी सही राहिली होती. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मी चहा मागवला. तो बशीत ओतून फुंकर घालत म्हणाला, "बाई, तुमचं पोरगं सायकलवर क्लासला जातं ना, स्टेशनकडून? लई ट्रका असत्यात तिकडं. सांगत जा त्याला. बराबर कडंनं जात जा म्हणावं." मग चहा संपवला. चहा चांगला झाला म्हणाला. सोमवारी, म्हणजे उद्या, शाळा उघडते, त्याच दिवशी खोलीचं उद्घाटन ठेवलंय, पोरांना नवे कपडे घालून बोलवा म्हणाला.

घरी हे सांगितलं तर यांनी एकच विचारलं, "तुझा पैसा आहे का तो?" मी म्हणाले, माझाही आहे. पगारातून कापतात. त्या म्हातारीचाही आहे, ती चहापत्ती घेते. यांनी ताट सरकवलं. "पोराकडं बघ. सही कर, बदली माग, मोकळी हो." ते चुकीचं बोलत नाहीत. गेले दोन दिवस मुलाला क्लासला मी सोडते. तो चिडतो, मित्र हसतात म्हणतो. मी त्याला कारण सांगत नाही. रस्त्यानं मागून ट्रकचा हॉर्न वाजला की त्याच्या दंडावर माझी बोटं रुततात.

आणि डोळ्यांसमोर दुसरीच पोरं येतात. पहिलीचा वर्ग त्या खोलीत बसवायचा ठरलंय. खोलीला निळा रंग दिलाय, पंखा लावलाय. पंख्याखालची जागा पकडायला ती धावणार. पंखा ज्या हुकाला टांगलाय, तिथूनच भेग निघते आणि पार भिंतीपर्यंत जाते. मी ती रोज पाहते. ती वाढते का, हे मला सांगता येत नाही, कारण मी फार वेळ पाहू शकत नाही.

तुम्ही असता तर मी विचारलं असतं, सभेत उठण्याआधी तुम्हाला काय होत होतं. घरी मुलगी आहे हे आठवत होतं का? तुम्ही परत कधी उठला नाहीत, हेही मला आज कळतंय. त्याचा मला राग नाही. उलट थोडं बरं वाटलं.

सही मी अजून केलेली नाही. नाही म्हणूनही सांगितलेलं नाही. वरच्या ऑफिसला तक्रार लिहायला घेतली होती. पहिल्याच ओळीत माझं नाव लिहावं लागतं, तिथं थांबले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगते. आज बाक पुसून झाल्यावर मी त्या खोलीला कुलूप लावलं आणि अध्यक्षाला फोन करून सांगितलं की चावी बसमध्ये हरवली. तो म्हणाला, काही हरकत नाही, सकाळी तोडून टाकू. चावी माझ्या मुठीत आहे नाना, आणि मला तेवढंच सुचलं.