हळदीकुंकवातली गोळी

तीर्थरूप अक्कास,
सातासमुद्रापारच्या कनाटाहून सुहासिनीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, बीपीही ताब्यात आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

फोनवर तोंड उघडवेना, म्हणून लिहितेय. संक्रांतीच्या हळदीकुंकवात शेजारच्या अरुणाताईंचं डोकं ठणकायला लागलं. "बीपीच असणार, घ्या, मला छान लागू पडते," म्हणत मी माझी गोळी दिली. मोठी डॉक्टरीणच मी! दमा आहे का, एवढंही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांची छाती घरघरू लागली, अँब्युलन्स बोलवावी लागली. डॉक्टर म्हणाले, ठोके मंद करणारी ही गोळी दम्यात जिवावर बेतू शकते.

त्या सुखरूप घरी आल्या.

आज त्यांनीच तिळगुळाची वाटी पाठवली, "तुम्हाला द्यायचा राहिला" असं सांगून. वाटी रिकामी परत करू नये म्हणतात. पण अक्का, माझ्या हातचं त्यांना आता काय देऊ?

तुझी,
सुहास