राहीबाईच्या खड्ड्यातला खांब

गुरुवार, १९ एप्रिल १९७३

अन्यायाची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून करतो. तलावाकाठचं घाणेरीचं झुडूप आज तोडलं! फौजेतून परतल्यापासून सलग नऊ वर्षं मी रोज पहाटे तांब्या घेऊन त्याच्याच आड बसत आलो. ना ठराव, ना नोटीस. गाळ वाहायला वाट हवी म्हणे. आता दिवस उगवायच्या आत तीनशे माणसं तिथं हजर — मी जावं कुठं?

दुष्काळी काम मिळालं, तलाव खोल होणार, उत्तम. पण सरपंच नानासो इतका खुशीत का? हा माणूस फुकट खुशीत नसतो.

शनिवार, २१ एप्रिल

नानासोला चावडीतच विचारलं — मापात लबाडी होणार नाही कशावरून? तर म्हणतो, "आवं हवालदार, कराडच्या पेपरात आमच्यावर लय लिवता न्हवं? मग तुमीच ऱ्हावा की राखणीला!" सगळी चावडी हसली. अशा रीतीने मी देखरेख समिती झालो. समितीत मी एकटाच.

रविवार, २२ एप्रिल

लबाडी कुठं होते ते मला पाठ आहे. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता सोडतात. ओव्हरसियर त्या खांबाची उंची मोजतो. तेवढी खोली, तेवढा हप्ता. मोजून झालं की खांब पाडायचा. आता खांबाच्या डोक्यावर दोन बुट्ट्या माती थापली, की बसल्या जागी खड्डा खोल! फौजेत मी स्वतः थापली आहे, म्हणून सांगतो.

मंगळवार, २४ एप्रिल

काल मागच्या आठवड्याचं माप झालं. सगळ्यांनी खांब पाडले. राहीबाईच्या टोळीचा मात्र उभाच. त्यात तो इतरांसारखा बारीक नाही, दोघांच्या कवेत मावणार नाही असा जाडजूड. भोवती बाभळीचे काटे रचलेले! मोजलेला खांब पुन्हा मोजून घ्यायचा बेत, दुसरं काय?

विचारलं, "काय गं राहीबाई, खांब पुजायला ठेवलायस?"

"व्हय जी. नारळ घिऊन या तुमी."

टोळीतल्या दहाही बायका खिदळल्या. चारचौघांत! एवढ्या धिटाईनं बोलणाऱ्या बाईच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच.

बुधवार, २५ एप्रिल

खांबाच्या बुडाशी ताजी, भुसभुशीत माती. काल नव्हती. सापडली!

गुरुवार, २६ एप्रिल

ओव्हरसियरला घेऊनच गेलो. तो म्हणाला, "खांब पाडा, मगच पुढचं माप."

राहीबाई म्हणाली, "आत्ता न्हाई पाडत."

का? पदर तोंडात धरून उभी. त्यानं टोळीचा आठवड्याचा हप्ता रोखला. दहा घरं! माझं चुकलं नाही. नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी टोळीतली जैनब दारावरून गेली. "हवालदार, आज झ्वाप चांगली लागंल न्हवं?"

लागली नाही. उकाडा.

शनिवार, २८ एप्रिल

दुपारी बायका भाकरी खायला बाभळीखाली गेल्या, तेव्हा काटे ओलांडून आत शिरलो. धोतर टराटरा फाटलं. खांबाच्या मागच्या, पाण्याकडच्या अंगाला गेलो तर तिथं गोल गोल भोकं — सात. लिंबू जाईल एवढी. एकापुढं वाकलो, तर आतून हिरवं काहीतरी माझ्या नाकावरून सुटलं! वेडा राघू. दुसरा चोचीत चतुर धरून काट्यावर बसला होता. मी कधी टळतोय याची वाट बघत. बुडाशी पडलेली माती यांनीच घरट्याची बिळं करताना उकरलेली.

मागं राहीबाई, हातात भाकरी. "झाली का तपासणी?"

"अगं, सांगायचं नाही?"

"कुनाला? पयल्या दिशी गाळात कासवं घावली, मी वरडून सांगितलं. सांजच्याला घरोघर रस्सा!"

(एक वाटी माझ्याकडंही आली होती. मी खाली बघितलं.)

"पोरं गलोली घिऊन बसल्यात. सायबाला सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं. पावसाआदी पिल्लं उडत्याल, मग पाडते की. आवं, आमी उभी कड तासली म्हनून आली ही पाखरं. बोलवायचं आनि घर पाडायचं व्हय?"

घरी येताना दोन उत्तरं सुचली, दोन्ही भिकार.

सोमवार, ३० एप्रिल

कडेगावला जाऊन ओव्हरसियरला भेटलो. राघूंचं बोलायची सोय नव्हती. म्हणालो, माझी तक्रार खोटी.

"मग केलीत कशाला?"

"बाई चारचौघांत उलट बोलली, त्याचा राग."

हे निम्मं खरं होतं, म्हणून फार जड गेलं. कागदावर लिहून घेतलं त्यानं, सही घेतली, नक्कल सरपंचाला द्यायला माझ्याच हाती दिली. खांब पावसापर्यंत राहू दे म्हणाला. हप्ताही सुटला. पण खांबाची माती निघालेली नाही, तेवढी मापातून कापणार. त्यापुढं ऐकेना.

नानासोनं चावडीत कागद मोठ्यानं वाचला. "समिती बरखास्त!" बायकांशी भांडणारा हवालदार म्हणून पोरंसुद्धा आता सलाम ठोकतात. मीही परत ठोकतो.

मंगळवार, १ मे

कुदळ आणि बुट्टी मागून आणली. राहीबाईच्या खड्ड्याला लागूनच सुरुवात केली, म्हणजे पुढच्या मापात त्यांच्या नावावर जाईल. तळहाताला फोड. लिहिणं बंद.

मंगळवार, ८ मे

कापली होती तेवढी माती आज पहाटे पुरी झाली. राहीबाई आली, खड्ड्यात उतरून इकडंतिकडं बघितलं.

"मोजाया खांब न्हाई ठिवला?"

"नाही. तुमच्याच मापात जाईल ही माती."

तिनं माझ्या हातातली बुट्टी घेतली आणि कामाला लागली.