काटकसरीतलं बाळंतपण

५ जानेवारी, रविवार
कंपनी बंद होऊन तीन महिने झाले. आज निर्णय घेतला. स्वयंपाकघर यापुढे माझ्याकडे. उमा मसाल्याच्या पॅकिंगला जाते, दमून येते आणि सढळ हाताने तेल ओतते. मी तेवीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलं. एक वायसर चिठ्ठीशिवाय बाहेर गेला नाही. घर म्हणजे तरी काय, छोटं स्टोअरच.
पंधरा दिवसांत अस्मिता येईल. सातवा लागतोय. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे, बुवापाड्यात, माझ्या घरी. बदलापूरहून व्याही दौलतरावांनी फोनवर विचारलं, सध्याच्या परिस्थितीत जमेल ना? 'परिस्थिती' हा शब्द दोनदा वापरला. जमवून दाखवतो.

८ जानेवारी
कोबीच्या दांड्यांची चटणी केली. उमा म्हणाली, वेगळीच लागते. म्हणजे आवडली.

११ जानेवारी
कपाट आवरलं. उमाच्या खणात तळाशी सात जुन्या पांढऱ्या सुती साड्या होत्या. तिच्या आईच्या, जनाबाईंच्या. त्या जाऊन चार वर्षं झाली. विरलेलं कापड, नुसती जागा अडवून बसलेलं. दारावर भांडीवाली आली, तिला देऊन टाकल्या. बाई पक्की. सुतीला भाव नाही म्हणाली, वर एक पँट मागितली. माझी कंपनीची खाकी पँट दिली. बदल्यात झाकणाचा मोठा स्टीलचा डबा. वीस वर्षं हलणार नाही. उमाला सरप्राईज.

१८ जानेवारी
अस्मिता आली. जावई सोडून गेला. पोरगी सुकलीये, सासरी नीट खायला घालत नसणार. इथे महिन्यात अंग धरेल. डिंकाचे लाडू म्हणजे शुद्ध लूट. मी शिळ्या चपात्यांचे केले. त्यात डिंक नाही, खारीक नाही, तूप नाही. बाकी सगळं आहे.

२४ जानेवारी
मटारच्या सालांचं सूप. मटार उद्यासाठी ठेवले. अस्मिताने दोन चमचे घेतलं, म्हणाली, पप्पा, भूक नाही. या दिवसांत असं होतं.
कचऱ्याच्या डब्यात अंड्यांची टरफलं सापडली, सहा अंड्यांची. आपल्याकडे अंडी आणलेली नाहीत. म्हणजे शेजारच्या भावनाबाई स्वतःचा कचरा आमच्या डब्यात टाकतात! त्यांच्याशी बोलणं बंद. टरफलं धुवून गुलाबाच्या कुंडीत घातली.

२९ जानेवारी
दवाखान्यात अस्मिताचं रक्त कमी निघालं. उमा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, हे सासरच्या दिवसांचं असेल. डॉक्टरीणबाईंनी खजूर, अंडी, पालेभाजी सांगितली. पालेभाजी आजपासून सुरू. मुळ्याचा पाला भाजीवाला असाच देतो.

३ फेब्रुवारी
उमा कामावरून आली आणि खण उपसत बसली. बाळाची दुपटी शिवायची होती, गोधडी घालायची होती. आईच्या साड्या कुठे, विचारलं. मी डबा पुढे केला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. डबा खाली ठेवला आणि कपाटाला टेकून बसली. म्हणाली, आई चौदा एप्रिलला, जयंतीला, त्याच नेसायची. जाताना सांगून गेली होती, अस्मिताच्या बाळाला यातच गुंडाळा.
मला हे कोणी कळवलं नव्हतं. मालावर लेबल नसेल तर माणसाने काय समजायचं?
भांडीवालीला शोधायला निघालो. शिवमंदिराकडे तिघी भेटल्या, त्यात ती नव्हती. एकीने सांगितलं, सुती माल गॅरेजला जातो, पुसायला. हे उमाला सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी
उपाय सापडला. गोधडी मी शिवणार.
उल्हासनगरला कॅम्प पाचला गेलो. तिथे मुकेशशेठचा जीन्सचा कारखाना, आमच्या कंपनीला पुसायच्या चिंध्या तेच पुरवायचे. जुनी ओळख. मला आदराने साईं म्हणून बसवलं, चहा पाजला, गोणीभर कापड असंच दिलं. निघताना म्हणाले, रंग कच्चा आहे, चार पाणी धुवा. चार पाणी! आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. एकदा बुचकळून वाळत घातलं.
रंग निळा. आपलाच रंग. उमाची आई असती तर खूश झाली असती.

१६ फेब्रुवारी
आधी अस्मितासाठी मोठी गोधडी केली, ट्रायल म्हणून. चार सुया मोडल्या. थोडी जड झालीये, उचलायला दोघं लागतात. म्हणजे टिकाऊ. अस्मिता म्हणाली टोचते. नवी आहे, रुळेल.
उमा तेरा दिवस माझ्याशी बोलली नाही. आज म्हणाली, मीठ द्या. सुधारणा आहे.

२ मार्च, रविवार
काय दिवस. आधी घडलं तसं लिहितो.
दुपारी दौलतराव आणि विहीणबाई विठाबाई न कळवता आले. अस्मिता गोधडीवर झोपली होती, घामाघूम. विठाबाईंनी मायेने तिच्या अंगावरची चादर सरकवली आणि किंचाळल्या. पोरीच्या पोटऱ्या निळ्या, टाचा निळ्या, कोपरं निळी. त्यांना वाटलं रक्तच थांबलं. दौलतराव धावत रिक्षा घेऊन आले. मी सांगत होतो, थांबा, थांबा. ऐकतंय कोण? रिक्षात मला जागा नव्हती. मागून चालत गेलो.
पोचलो तर नर्स कापसाने पाय पुसत होती आणि ट्रेमध्ये निळ्या बोळ्यांचा ढीग. डॉक्टरीणबाई हसल्या. दौलतरावसुद्धा हसले, रुमाल तोंडावर धरून. अस्मिता रडत होती.
मग तिला वजनकाट्यावर उभं केलं. दीड महिन्यात वाढ फक्त अर्धा किलो. कोणी हसलं नाही. विठाबाई म्हणाल्या, आम्ही घेऊन जातो. मी म्हटलं, रीत अशी नाही, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तर अस्मिताच म्हणाली, मला जायचंय पप्पा. मम्मी चोरून अंडी देत नसती तर मी कधीच गेले असते.
म्हणजे टरफलं घरचीच. भावनाबाईंशी महिनाभर उगाच बोललो नाही.
चूक सगळी मुकेशशेठची. कच्चा रंग बाजारात आणूच नये.

९ मार्च
उमाही गेली, बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. बाळंतपण आईने करायचं असतं, घर कोणाचं का असेना, म्हणाली. मसाल्याच्या कामावर रजा टाकली. जाताना स्वयंपाकघरात डोकावली नाही.
एकट्याला खर्च किती कमी लागतो! तीन दिवसांचा भात एकदाच लावला. योजना एकदम यशस्वी.

२८ मार्च
मुलगी झाली. सकाळी. मला संध्याकाळी कळलं, भावनाबाईंकडून. उमाने त्यांना फोन केला होता. माझा फोन चालू होता. बॅलन्स होता, रेंज होती, तपासलं.
खूप राग आला. खरं तर लाज वाटली. पण वही माझी आहे, राग लिहितो.

३ एप्रिल
नातीचं नामकरण आपल्याकडे करू. अजून वेळ गेलेली नाही. पेट्यांच्या फळ्या मिळाल्यात, पाळणा मी बनवणार. तासायला घेतल्या. पॉलिश पेपर विकत आणला. साठ माणसांची खीर मी करणार, आणि दूध पूर्ण घालणार. पाणी नाही. एकदा सगळ्यांनी चव बघितली की मागचं कोण काढत बसतंय? दौलतरावांना पहिली वाटी मीच नेऊन देईन.

६ एप्रिल, रविवार
उमाचा फोन आला. नामकरण येत्या रविवारी, तेराला. तिकडेच. हॉल बघितलाय, केटरर ठरलाय. दौलतरावांनी सगळं केलं.
मी म्हटलं, पाळण्याच्या फळ्या तासून झाल्यात. ती म्हणाली, काही आणू नका. मी म्हटलं, मग निदान खीर. म्हणाली, काही करू नका. मी विचारलं, मग मी करू काय? मागे बाळ रडत होतं. पहिल्यांदाच आवाज ऐकला. बारीक आहे.
मग म्हणाली, पाहुण्यांना साडेबाराची वेळ दिलीय, तुम्हीही तेव्हाच या. जेवून जा.
बरं म्हणालो.
नाव काय ठरवलंय ते विचारायचं राहिलं. तेराला बाकीच्या पाहुण्यांबरोबर कळेलच.