भागाआजीचा पाला

२४ ऑक्टो. १९३६, भोर
सौ.ने आज लेकीची, सुशीची, वेणी घातली. किती महिन्यांनी! संधिवाताने बोटं वाकल्यापासून ते काम शेजारच्या काकूंकडे होतं. मार्गासनीच्या भागाआजीचा पाला बांधतो, त्याचा हा गुण. आजी ठेचून गोळाच देते. कसला पाला, ते सांगत नाही. "नाव फुटलं की गुण ग्येला, मास्तर." आणि मी शाळेत रसायन शिकवतो!

२७ ऑक्टो.
पाल्याबद्दल लिहिलं होतं, त्या पुण्याच्या प्रोफेसरांचं उत्तर. प्रयोगशाळेत तपासतील, पण गोळा चालणार नाही. फांदी हवी, नाव हवं. आजी थकली आहे. तिच्यामागे सौ.ने काय करायचं? औषध बाटलीत आलं की काळजी मिटली.

१ नोव्हें., रवि.
काल मार्गासनीला मुक्काम. आजी शनिवारी सांजेला झुडपापाशी तांदूळ ठेवून त्याला आमंत्रण देते, रविवारी पहाटे कुणाशी न बोलता पाला खुडते. आज मागोमाग गेलो. ओढ्याशी तिने वळून पाहिलं. बोलायची चोरी. नुसती बघत राहिली, मग न खुडताच माघारी फिरली. मी फांदी तोडली. अगदी साधं झुडूप, आमच्या शाळेमागेही आहे!
घरी येऊन हसत हसत सौ.ला नाव सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "अहो, मला कशाला सांगितलंत?"

८ नोव्हें.
फांदी मोटारीने पुण्याला पोचली. शाळेमागचा पाला मीच ठेचून बांधतो. उपयोग शून्य. बोटं पुन्हा सुजली. काल आजीची माफी मागायला गेलो. दारातच म्हणाली, "आता माझ्याकडं काय न्हाई. तुमीच वैद झालाय की." आवाजात राग नव्हता. तेच लागलं.

१३ नोव्हें.
दिवाळी. चकल्या काकूंनी केल्या, सुशीची वेणीही. सौ. हात पदराखाली घेऊन बसून होती. माझ्या हौसेपायी झालं हे. फार वाईट वाटतं.

२१ नोव्हें., शनि.
प्रोफेसर लिहितात, अर्कात गुण आहे. सशाच्या पायाची सूज उतरली. आणखी पाला पाठवा. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सशाला कुठं नाव ठाऊक होतं?"
दिवेलागणीला शाळेमागे गेलो. कुणी विद्यार्थी बघत नाही ना, ते पाहून झुडपापाशी चिमूटभर तांदूळ ठेवले. सौ.ला सांगितलेलं नाही. उद्या पहाटे कुणाशी बोलायचं नाही.